मस्तिष्क-मेरुद्रवातील कॅल्शियम

मस्तिष्क-मेरुद्रवातील कॅल्शियम : मेंदू व मेरुरज्जू ज्या नितळ द्रवात असतात, त्यातील कॅल्शियमची पातळी शरीर अतिशय अरुंद मर्यादेत राखते. प्रौढ माणसात हा द्रव सुमारे १५० मिलि. असतो, रोज जवळपास ५०० मिलि. नव्याने तयार होतो. त्यामुळे तपासणीसाठी ‘पाठीतले पाणी’ काढले, तरी गेलेले काही मिलिलिटर लवकर भरून येतात.

१०० मिलि. रक्तद्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिग्रॅ. कॅल्शियम असते. त्यातले निम्मेच मोकळे; उरलेले बहुतांश प्रथिनांना चिकटलेले. मेरुद्रवात प्रथिने नगण्य असल्याने तिथले ४ ते ५ मिग्रॅ. कॅल्शियम बहुतेक मोकळेच असते, आणि चेतापेशींना तेच लागते.

खानदेशात काळ्या पाषाणातून येणारे विहिरी-बोअरचे पाणी बऱ्याच गावांत जड असते. तपेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तरीही हे पाणी पिणाऱ्याच्या मेंदूभोवती कॅल्शियम साचत नाही. आतड्यातून किती शोषायचे हे ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने ठरते, जास्तीचे मूत्रपिंड बाहेर टाकते. रक्तातली पातळी उतरली, की मानेतील चार परावटू ग्रंथी संप्रेरक सोडून हाडांच्या साठ्यातून ती भरून काढतात. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते.

याच्यापुढे मेंदूचा स्वतःचा पहारा. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. मेंदूच्या पोकळ्यांत द्रव तयार करणारे कोरॉइड प्लेक्ससचे पेशीस्तरही तसेच. कॅल्शियम मुख्यतः या दुसऱ्या वाटेने, मोजून आत येते. रक्तातली पातळी बरीच हलली, तरी द्रवातली त्या मानाने थोडीच हलते. हा पहारा रक्तातल्या नियंत्रणाइतकाच महत्त्वाचा आहे, पण पाठ्यपुस्तकांत त्याला फार कमी जागा मिळते.

हातापायांच्या नसांना इतके पक्के कुंपण नाही. म्हणून कॅल्शियम घटल्यावर आधी ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हात आखडतात; आकडी सहसा घट तीव्र झाल्यावर येते. नवजात अर्भके आणि मुडदूस झालेली बाळे यांत मात्र पहिले लक्षण आकडीच असू शकते. सातपुड्याच्या पट्ट्यात गलगंड हा जुना आजार. त्याच्या शस्त्रक्रियेत अवटू ग्रंथीमागच्या परावटू ग्रंथींना इजा झाली, तरी हीच लक्षणे एक-दोन दिवसांत दिसतात. अशा रुग्णाचे रक्तातील कॅल्शियम वारंवार तपासावे लागते.

उपचारात कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश देतात आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. हृदयाला मेंदूसारखे कुंपण नसल्याने घाईने दिलेला डोस त्याची गती धोकादायकरीत्या मंदावू शकतो.