लावण्य, गोमटें आणि फांकडा : सौंदर्यवाचक शब्दांची एक छाननी

जुन्या पोथ्या व बाडें छापण्यास सिद्ध करितांना संपादकाचा हात जेथें नकळत अधिक मोकळा चालतो, अशा स्थळांत सौंदर्यवाचक विशेषणांचा क्रम बराच वर लागतो. ‘गोमटें’च्या जागीं ‘सुंदर’ घातल्यानें अर्थ बिघडत नाहीं, आणि शाहिराच्या तोंडचा एखादा बाजारी शब्द गाळल्यानें ग्रंथाची शोभाच वाढते, असा समज या मोकळेपणाच्या मुळाशीं असतो. तो कितपत साधार आहे, हें पाहण्यासाठीं अशा कांहीं शब्दांचीं कुळें प्रस्तुत लेखांत तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, प्रतिष्ठित व हलका हा भेद शब्दाच्या जन्मांत नसून त्याच्या संगतींत आहे. आणि म्हणून त्या भेदावरून पाठ ठरविणें युक्त नव्हे.

प्रथम सर्वांत कुलीन मानलेला ‘लावण्य’ हा शब्द घेऊं. ‘लवण’ म्हणजे मीठ. त्यापासून साधलेलें हें भाववाचक नाम, आणि त्याचा मूळ अर्थ खारटपणा. पदार्थांत मिसळलेलें मीठ डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु त्यावांचून पदार्थास रुचि नाहीं. रूपाच्या ठायीं असणारा असाच अदृश्य गुण दाखविण्यास हा शब्द योजिला गेला. नवव्या शतकांत काश्मिरांत झालेल्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त काव्यांतील सूचित अर्थाला स्त्रीच्या लावण्याची उपमा दिली, कारण तें अवयवांवर प्रकटतें, तरी अवयवांहून निराळें असतें. पुढें सोळाव्या शतकांत रूप गोस्वामी यांनीं ‘उज्ज्वलनीलमणीं’त लावण्याचें लक्षण सांगतांना मोत्याच्या आंत खेळणाऱ्या तरल कांतीचा दाखला दिला. मीठ मागें पडून मोतीं पुढें आलें; शब्दाची प्रतिष्ठा वाढली कीं त्याचें मूळ असें झांकलें जातें.

आतां याच्या शेजारीं हिंदुस्थानी बोलींतला ‘नमकीन’ हा शब्द ठेवावा. रूपाविषयीं वापरला असतां तो ग्रंथांत शोभत नाहीं, असें पुष्कळांस वाटेल. तथापि फारशी ‘नमक’ म्हणजे मीठच. व्रजभाषेंतला ‘सलोना’ हा तर ‘सलवण’ याचाच अपभ्रंश, म्हणजे लावण्याचा सख्खा भाऊ. अरबींत ‘मिल्ह’ म्हणजे मीठ आणि ‘मलीह’ म्हणजे देखणा. त्यावरूनच फारशी कवितेंत ‘मलाहत’ हा गुण आला, आणि उजळ, गोऱ्या रूपाच्या ‘सबाहती’हून तो निराळा मानण्यांत येऊं लागला. लॅटिन कवि कातुल्लुस यानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत एका उंच, गोऱ्या स्त्रीविषयीं तक्रार केली ती हीच, कीं तिच्या एवढ्या देहांत मिठाचा एक कणही नाहीं. स्पॅनिश भाषेंत ‘सालेरो’ म्हणजे मिठाचें पात्र, आणि तोच शब्द ठसकेबाज मोहकपणाचाही वाचक आहे. संस्कृत व लॅटिन या दोहोंनीं ही कल्पना एकमेकींपासून घेतली असें मानण्याचें कारण दिसत नाहीं. जेवणांतला अनुभव सर्वत्र एकच, म्हणून उपमाही एक. अर्थाच्या दृष्टीनें पाहतां ‘लावण्य’ आणि ‘नमकीन’ यांत फरक नाहीं. फरक आहे तो एक दरबारांत बसला व दुसरा बाजारांत राहिला एवढाच.

‘चिकणा’ या शब्दाची गोष्ट अशीच. तोंडावर म्हटला तर तो आज उनाड पोरांचा शब्द ठरतो. पण त्याचें मूळ संस्कृत ‘चिक्कण’, म्हणजे गुळगुळीत, तुकतुकीत. चिकणी सुपारी व चिकणमाती यांत तो निर्दोष मानला जातो. संस्कृत कवि ज्याला मोठ्या आदरानें ‘स्निग्ध’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ तेलकटच. ग्रीक महाकाव्यांत होमर वीरांच्या पायांस ‘लिपारोस’ म्हणतो, तोही शब्द तेलानें तुकतुकीत अशाच अर्थाचा.

हलका शब्द कालांतरानें प्रतिष्ठित होतो, याचें ठळक उदाहरण लॅटिनमध्यें सांपडतें. तेथें सुंदर या अर्थाचा भारदस्त शब्द ‘पुल्केर’. ‘बेल्लुस’ हा त्याच्या मानानें घरगुती, ‘बोनुस’ म्हणजे चांगला या शब्दाचें लाडिक रूप. परंतु लॅटिनपासून निघालेल्या भाषांच्या नित्य बोलण्यांत ‘पुल्केर’ वारसावांचून नष्ट झाला, आणि ‘बेल्लुस’पासून इटालियन ‘बेल्लो’ व फ्रेंच ‘बो’ हे शब्द आले. मराठींत ‘बरा’ व ‘बरवा’ यांचें नातें कांहींसें याच जातीचें. चांगलें तेंच सुंदर, ही लोकांची दृष्टि दोहींकडे सारखीच दिसते.

‘गोमटें’ या शब्दाकडे संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें. ज्ञानेश्वरींत (शके १२१२, इ. स. १२९०) त्याचा अर्थ सुंदर, उत्तम, हितकर असा विस्तृत आहे. आज तो बहुधा ‘गोरागोमटा’ या जोडशब्दांत उरला असून त्यामुळें वाचकास त्यांत गौर वर्णाचा भास होतो. जुन्या ग्रंथांत हा भास निराधार आहे. श्रवणबेळगोळ येथें चावुंडरायानें इ. स. ९८१ च्या सुमारास उभारविलेल्या सुमारें ५७ फूट उंचीच्या बाहुबलीच्या मूर्तीस ‘गोम्मटेश्वर’ म्हणतात. गोविंद पै यांनीं ‘गोम्मट’ हा शब्द ‘मन्मथ’पासून काढला. आ. ने. उपाध्ये यांनीं तें चावुंडरायाचेंच घरगुती नांव मानून त्याचा संबंध मराठी-कोंकणी ‘गोमटा’शीं जोडला. वाद कसाही मिटो. ज्या मूर्तीच्या पायाशीं मराठींतील अत्यंत जुन्या कोरीव लेखांपैकीं एक आहे, तिच्याच नांवाचा उलगडा करण्यास हा शब्द साक्षीस येतो. अशा साक्षीदारास ‘सुंदर’ म्हणून पुसून टाकणें परवडणारें नाहीं.

‘फांकडा’ हा तर इतिहासाचाच शब्द आहे. वडगांवच्या मोहिमेंत १७७९ च्या जानेवारींत कार्ल्याजवळ पडलेला इंग्रज कप्तान स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडीं ‘इष्टुर फांकडा’ झाला. आणि शिंद्यांच्या घराण्यांतील मानाजी यासही ‘फांकडे’ हेंच उपपद लागलें. या शब्दांत ऐट, देखणेपण आणि बेडरपणा हीं तीन्ही एकवटलीं आहेत. त्याच्या जागीं ‘सुंदर’ घातल्यास शौर्य जातें, ‘शूर’ घातल्यास रुबाब जातो. शत्रूच्या सरदारासही हें विशेषण मिळालें, यावरून त्या काळच्या शिपायांची गुणग्राहकता कळते. आणि ती दुसऱ्या कोणत्याही शब्दानें कळणार नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावरून कुळ जुळवूं नये. ‘लावणी’ ही ‘लावण्या’पासून आली असें अनेकदां सांगण्यांत येतें, पण ‘लावणें’ या साध्या क्रियापदाचा दावाही तितकाच विचारार्ह आहे. अर्थ, काळ व प्रदेश या तिन्हींचा मेळ बसल्यावांचून निर्णय देऊं नये.

यावरून संपादनापुरते दोन नियम आम्हांस सुचतात. पहिला : एका प्रतींत ‘गोमटें’ व दुसरींत ‘सुंदर’ असा भेद आढळल्यास, उलट पुरावा नसेल तेथवर ‘गोमटें’ हा पाठ जुना समजावा, कारण लेखक अपरिचित शब्दाच्या जागीं परिचित शब्द घालतो, याच्या उलट क्वचितच करतो. दुसरा : शाहिरी बाडांतील शब्द कितीही सैल वाटला तरी तो मूळांत जसाच्या तसा छापावा, आणि संकोच वाटल्यास तो तळटीपेंत व्यक्त करावा. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करितांना एकनाथांनीं तींत पदरची ओंवी घालणाऱ्यास अमृताच्या ताटांत नरोटी ठेवणाऱ्याची उपमा दिली. ओंवीस जो नियम, तोच एका विशेषणासही लागू आहे.