कोतवालाच्या अंगचे गुण

औरंगाबादेची गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. परंतु पैठण दरवाज्याकडून टिळक पथाने चालत येणाऱ्या माणसास आज तेथे फुलांपूर्वी साड्यांचे आणि कापडाचे ढीग दिसतात, आणि नावातील 'गुल' कोठे गेले असे तो मनाशी म्हणू लागतो न लागतो तोच एखादा हारवाला शेवंती तागडीत घालताना दृष्टीस पडतो. काटा मध्यावर स्थिर झाला की तो मुठीतली आणखी चार फुले वर टाकतो आणि मगच पुडीला दोरा गुंडाळतो. ही वरची चार फुले कोणत्याही सरकारी हुकमाने मिळत नाहीत. खालचे वजन मात्र खरे असावे म्हणून पूर्वी एक स्वतंत्र अंमलदार नेमावा लागे, आणि त्याच्या अंगी कोणते गुण असावेत याचाही विचार राज्यकर्त्यांना करावा लागे. त्या अंमलदाराचे नाव कोतवाल.

हे शहर मुळातच पुऱ्यांचे आणि गल्ल्यांचे. मलिक अंबराने 1610 साली येथील खडकी गावी राजधानी वसविली, तेव्हा मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावांवरून मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी वस्ती उभी राहिली. पुढे 1653 साली औरंगजेबाने शहरास आपले नाव दिले, आणि सुभ्याच्या या ठाण्यात फौज, व्यापारी, कारागीर, फकीर व उपरे यांची अशी दाटी झाली की रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार ही नावे आजही गुलमंडीच्या आसपास त्या दाटीची साक्ष देत उभी आहेत. एका गल्लीत एका धंद्याची माणसे राहिली म्हणजे भांडणे कमी होतात असे नाही, पण ती कोणाकडे न्यावीत हे ठाऊक असते.

अकबराच्या दरबारातील अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त कोतवालाचे जे वर्णन केले आहे, ते मला एखाद्या नीतिग्रंथापेक्षा अधिक उद्बोधक वाटते, कारण त्यात उपदेश थोडा असून कामाचा तपशील भरपूर आहे. माणूस जोमदार हवा, अनुभवी हवा, चपळ हवा, पण उतावळा नको; सोशिक हवा, कावा ओळखणारा हवा, आणि हे सारे असून दयाळू हवा. त्याने शहराचे महल्ले पाडावेत, घरांची नोंद ठेवावी, प्रत्येक महल्ल्यावर एक मीरमहल्ला नेमून येणाऱ्याजाणाऱ्याची खबर त्याच्याकडून घ्यावी. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या अडीअडचणीस धावून जावे अशी त्यांच्याकडून हमी घ्यावी. अनोळखी पाहुण्यास निराळ्या सराईत उतरवावे. शेराचे वजन 30 दाम नाण्यांहून कमी वा अधिक होऊ देऊ नये. पाणवठ्यावर स्त्रीपुरुषांच्या जागा वेगळ्या राखाव्यात. चोरीचा माल चोरासकट हजर करावा, नाहीतर भरपाईची जबाबदारी स्वतः उचलावी. या शेवटच्या कलमापाशी मी नेहमी थबकतो. ज्याच्या हाती दंडुका, त्याच्याच खिशाला तोशीस, हा न्याय मोठा विलक्षण आहे. आणि शेजाऱ्यांनी परस्परांना सांभाळावे हे कलम त्याच्या जोडीला ठेवले की कोतवालाचे अर्धे काम महल्ल्याकडे सोपविलेले होते हे लक्षात येते.

कागदावरचा कोतवाल असा. चालताबोलता मात्र बहुधा निराळा. फ्रेंच प्रवासी तेव्हनो 1666 साली सुरतेस होता आणि तेथून गोवळकोंड्यास जाताना, अद्याप तटबंदी न झालेल्या औरंगाबादेतून गेला. सुरतेच्या कोतवालाची रात्रीची गस्त त्याने मोठ्या मजेने लिहून ठेवली आहे: नऊ वाजता, मध्यरात्री आणि पहाटे तीन वाजता लहान नगारे वाजत, तांब्याचे लांब कर्णे फुंकले जात, शिपाई 'खबरदार' म्हणून ओरडत, आणि शेजारच्या गल्ल्यांतले पहारेकरी आपण जागे आहोत हे कळावे म्हणून उलट हाक देत. परंतु त्याच शहरात एका आर्मेनियन व्यापाऱ्याची 2,400 सोन्याची नाणी चोरीस गेली, तेव्हा भरपाई टाळण्यासाठी कोतवालाने अशी युक्ती काढली की चोरी खरोखर झाली की नाही हे ठरविण्याकरिता फिर्यादीलाच यातना देण्याची परवानगी शहराच्या गव्हर्नराकडे मागितली, आणि ती मिळालीही. व्यापाऱ्याने फिर्याद सोडून दिली. कावा ओळखण्याचा गुण येथे भरपूर होता. फक्त तो कोणाच्या बाजूने वापरायचा एवढेच उलटे झाले होते.

खबर मिळविण्याचीही तीच गत. इटालियन प्रवासी मनुची सांगतो की घरोघर दिवसातून दोनदा साफसफाईस जाणारे हलालखोर घरातल्या साऱ्या गोष्टी कोतवालाच्या कानी घालीत. महल्ल्यात कोण आले हे मीरमहल्ल्याने सांगणे निराळे, आणि स्वयंपाकघरात काय बोलले गेले हे कोतवालाने जाणणे निराळे. औरंगजेबाने गादीवर आल्यावर 1659 साली मुहतसिब नेमला, तेव्हा मद्यपानासारख्या वर्तनावर देखरेख ठेवणारा आणखी एक अंमलदार शहरांत आला.

औरंगाबादेने मराठी इतिहासास दिलेला कोतवाल तर अगदी वेगळ्याच कारणाने गाजला. घाशीराम सावळदास हा औरंगाबादेचा गौड ब्राह्मण. नाना फडणिसांच्या कारकीर्दीत 1777 साली पुण्याची कोतवाली त्याच्याकडे आली आणि चौदा वर्षे राहिली. जोम, अनुभव, चपळाई यांपैकी कशाचीच त्याला वाण नसावी. पण 1791 च्या ऑगस्टात त्याने तेलंगी ब्राह्मणांना रात्रभर एका कोंदट जागेत कोंडून घातले, सकाळी दार उघडले तेव्हा आत कित्येकांचे प्राण गेलेले होते, आणि मग ज्या पेठांतून चौदा वर्षे त्याची गस्त फिरली त्याच पेठांच्या शहरात त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. विजय तेंडुलकरांनी 1972 साली आपल्या नाटकात त्याला कनोजचा ठरविला. त्याबद्दल औरंगाबादकरांनी कधी तक्रार केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.