९ जून १९७३ : सेक्रेटेरिएटची दौड

न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर सेक्रेटेरिएट या तांबड्या घोड्याने दीड मैलाची बेलमाँट स्टेक्स शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. फरक ३१ लेंग्थचा, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीएवढा! अखेरच्या टप्प्यात जॉकी रॉन टर्कॉटची नजर घड्याळावर होती. जवळपास दुसरा घोडाच नव्हता. अमेरिकेला २५ वर्षांनी ट्रिपल क्राऊनचा, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकण्याच्या मुकुटाचा, मानकरी मिळाला.

पण मोठेपण मुकुटापेक्षा वेळेत आहे. मातीच्या ट्रॅकवर दीड मैल याहून वेगाने आजवर कोणताही घोडा धावलेला नाही. केंटकी डर्बी आणि प्रीकनेसमधले त्याचे विक्रमही टिकून आहेत. प्रीकनेसची चुकीची नोंदलेली वेळ तर तब्बल ३९ वर्षांनी, २०१२मध्ये दुरुस्त झाली. बेलमाँटच्या त्या शर्यतीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. एकदा जरूर पाहा.