लिनक्स संगणकासाठी वाय-फाय कार्ड : खरेदीपूर्वी चिपचा क्रमांक पाहणे का आवश्यक?

मयूर विहार (नवी दिल्ली) : मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. या अटी पूर्ण न करणारे, परंतु एरवी सुस्थितीत असलेले डेस्कटॉप संगणक भंगारात काढायचे की वापरत राहायचे, असा प्रश्न त्यामुळे अनेक घरांपुढे आहे. उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन यांसारख्या मुक्तस्रोत कार्यप्रणाली हा त्यावरील एक विनामूल्य मार्ग आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

हा बदल अनेकदा एका लहान वस्तूपाशी अडतो. पूर्व दिल्लीतील मयूर विहारसारख्या सदनिकांच्या वसाहतीत इंटरनेटचा राउटर बहुधा दिवाणखान्यात असतो आणि मुलांच्या अभ्यासाचा संगणक आतल्या खोलीत. जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फाय कार्ड मुळातच नसते. ते नव्याने आणले, तरी लिनक्स ते ओळखेलच असे नाही. चुकीचे कार्ड आल्यास पैसे वाया जातातच; शिवाय इंटरनेटविना राहिलेला संगणक निरुपयोगी ठरवून पुन्हा कोपऱ्यात जातो. खरेदीपूर्वी थोडी चौकशी केल्यास हे टाळता येते.

अडचणीचे मूळ

वाय-फाय कार्ड चालण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, कार्डावरील चिप. दुसरी, त्या चिपशी कार्यप्रणालीचा संवाद घडवून आणणारा ड्रायव्हर. तिसरी, चिपमध्ये प्रत्येक वेळी भरला जाणारा फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्राम.

विंडोजसाठी ड्रायव्हर देण्याची जबाबदारी कार्ड विकणारी कंपनी घेते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचाच भाग असतात. ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, ते कार्ड बसवताच चालू होते आणि पुढील प्रत्येक अद्ययावतीकरणानंतरही चालत राहते. ज्या चिपचा ड्रायव्हर बाहेरून मिळवून जोडावा लागतो, ते कार्ड कर्नल बदलताच बंद पडण्याचा संभव असतो.

फर्मवेअर हा वेगळा मुद्दा आहे. त्याचा मूळ स्रोत बहुतेक कंपन्या खुला करत नाहीत. या कारणास्तव डेबियनच्या अधिकृत प्रतीत असे फर्मवेअर अनेक वर्षे समाविष्ट नव्हते. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या ‘डेबियन १२’पासून ते स्थापनेच्या प्रतीतच मिळू लागले. जुन्या प्रतीवरून स्थापना केल्यास मात्र कार्ड ठीक असूनही वाय-फाय न दिसण्याची शक्यता राहते.

नाव तेच, चिप वेगळी

ग्राहकांची सर्वाधिक फसगत पेटीवरील नावामुळे होते. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या यूएसबी अडॅप्टरचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि ती लिनक्सवर उत्तम चालत असे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाने रिअलटेकची आरटीएल८१८८ईयू श्रेणीतील चिप येऊ लागली. दोन्हींचे ड्रायव्हर सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्या आवृत्तीच्या अनुभवावरून केलेली शिफारस दुसरीला लागू पडत नाही.

म्हणून कंपनी व मॉडेल यांसोबत आवृत्तीचा क्रमांकही पाहावा. तो बहुधा पेटीच्या तळाशी किंवा अडॅप्टरच्या चिकटपट्टीवर ‘व्ही’ अथवा ‘व्हर्जन’ या शब्दापुढे छापलेला असतो.

कोणत्या चिप सोयीच्या?

इंटेल : एएक्स२०० आणि एएक्स२१० या चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. इंटेलच्या माहितीनुसार एएक्स२०० साठी कर्नल ५.१ किंवा त्यापुढील, तर एएक्स२१० साठी ५.१० किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही नावे मिळतीजुळती असली, तरी ती कार्डे वेगळ्या रचनेची आहेत. त्यांच्या कामाचा काही भाग इंटेलच्या विशिष्ट प्रोसेसर व चिपसेटमध्ये होतो. एएमडीच्या मदरबोर्डवर किंवा जुन्या इंटेल मदरबोर्डवर ती चालत नाहीत.

मीडियाटेक : एमटी७९२१ आणि एमटी७९२२ यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत. ‘एएमडी आरझेड६१६’ या नावाने मिळणारे कार्ड प्रत्यक्षात एमटी७९२२ चिपचेच असते.

क्वालकॉम अथेरॉस : जुन्या ‘एन’ पिढीतील एआर९३ श्रेणीच्या पीसीआय एक्स्प्रेस कार्डांना बाहेरील फर्मवेअरची गरजच पडत नाही. एआर९२७१ या यूएसबी चिपचे फर्मवेअर खुले आहे. वेग कमी असला, तरी जुन्या संगणकासाठी ही कार्डे विश्वसनीय आहेत.

रिअलटेक : चित्र संमिश्र आहे. अनेक नव्या चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आले आहेत. परंतु आरटीएल८८१२एयू यासारख्या लोकप्रिय यूएसबी चिपसाठी अनेक वर्षे बाहेरील ड्रायव्हरवरच विसंबावे लागत होते. नेमका क्रमांक तपासल्याशिवाय खरेदी करू नये.

ब्रॉडकॉम : २०१० मध्ये कंपनीने काही चिपसाठी मुक्तस्रोत ड्रायव्हर प्रसिद्ध केला, तरीही तिच्या अनेक जुन्या कार्डांना वेगळा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर मिळवावे लागते. नव्याने घेताना अन्य पर्याय पाहणे श्रेयस्कर.

कर्नलची आवृत्ती

सर्वांत नवे कार्ड सर्वांत योग्य असेलच असे नाही. इंटेलच्या बीई२०० या वाय-फाय ७ कार्डासाठी कर्नल ६.५ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. ‘डेबियन १२’ कर्नल ६.१ सह येते. त्यामुळे त्या स्थितीत हे कार्ड चालणार नाही. ‘उबंटू २४.०४’ व ‘लिनक्स मिंट २२’ कर्नल ६.८ सह, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ‘डेबियन १३’ कर्नल ६.१२ सह प्रसिद्ध झाली. जुन्या डेस्कटॉपसाठी दोन-तीन वर्षांपूर्वी बाजारात आलेले कार्ड बहुतेकदा पुरेसे आणि निर्धोक ठरते.

क्रमांक कसा ओळखावा?

टर्मिनलमध्ये लहान इंग्रजी अक्षरांत पुढील आज्ञा द्याव्यात. कर्नलची आवृत्ती पाहण्यासाठी ‘यू-एन-ए-एम-ई’ हा शब्द, मोकळी जागा आणि ‘-आर’. आत बसवलेल्या कार्डासाठी ‘एल-एस-पी-सी-आय’, मोकळी जागा आणि ‘-एनएनके’. यूएसबी अडॅप्टरसाठी केवळ ‘एल-एस-यू-एस-बी’.

उत्तरात चौकटी कंसात किंवा ‘आयडी’ या शब्दापुढे चार-चार अक्षरांच्या दोन संख्या दिसतात. पहिली कंपनीची, दुसरी चिपची. आत बसणाऱ्या कार्डांत इंटेलची ओळख ८०८६, मीडियाटेकची १४सी३, क्वालकॉम अथेरॉसची १६८सी आणि रिअलटेकची १०ईसी अशी आहे. दुकानदार सांगतो त्यापेक्षा ही जोडी अधिक विश्वसनीय. आतील कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आली, तर ड्रायव्हर जोडला गेला आहे असे समजावे.

डेस्कटॉपसाठी कोणता प्रकार?

मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसची लहान खाच रिकामी असल्यास तेथे बसणारे कार्ड सर्वांत स्थिर चालते. अशा बऱ्याच कार्डांवर लॅपटॉपमधील एम.२ कार्डच एका पट्टीवर बसवलेले असते. त्यात ब्लूटूथ असल्यास कार्डापासून मदरबोर्डच्या यूएसबी पिनांपर्यंत एक वेगळी तार जोडावी लागते. ती न जोडल्यास वाय-फाय चालते, ब्लूटूथ मात्र दिसत नाही. हा दोष लिनक्सचा नसतो.

पत्र्याच्या खोक्यामागे राहिलेल्या अँटेनाला सिग्नल कमी मिळतो. तारेने लांब ठेवता येणारी अँटेना असलेले कार्ड आतल्या खोलीसाठी उपयुक्त. यूएसबी ३.० जोडणीमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय येऊ शकतो. यूएसबी अडॅप्टर वापरायचाच असेल, तर तो छोट्या वाढीव तारेने संगणकापासून दूर ठेवावा.

भारतातील वारंवारिता

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वाय-फायसाठीची परवानामुक्ती विस्तारली. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या राउटरांची गर्दी असते, त्यामुळे दोन्ही पट्टे चालवणारे कार्ड घ्यावे. लिनक्समध्ये देशसंकेत ‘आयएन’ असा असावा. अन्यथा काही वाहिन्या वगळल्या जातात किंवा कमी शक्तीने वापरल्या जातात. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी परवानामुक्तीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. घरातील राउटर तो पट्टा देत नसेल, तर केवळ त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरेदीच्या वेळी

मयूर विहार-१ स्थानकावरून मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेने लाजपत नगर आणि तेथून जांभळ्या मार्गिकेने नेहरू प्लेस हा संगणक बाजार गाठता येतो. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड परिचित आहे. बाजार कोणताही असो, निघण्यापूर्वी कर्नलची आवृत्ती, मदरबोर्डचे नाव आणि रिकाम्या खाचेचे छायाचित्र जवळ ठेवावे. दुकानात चिपचा क्रमांक विचारावा. पावतीवर मॉडेलसह आवृत्ती लिहून घ्यावी आणि न चालल्यास बदलून मिळेल का, हे आधीच ठरवावे. शक्य असल्यास लिनक्सची ‘लाइव्ह’ प्रत असलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा. त्यावरून दुकानातील संगणक सुरू केल्यास कार्डाची चाचणी काही मिनिटांत होते आणि त्या संगणकावर काहीही स्थापित करावे लागत नाही.

बसवूनही चालत नसेल तर

ड्रायव्हर किंवा फर्मवेअर उतरवण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर, असा पेच येथे पडतो. त्यावर अँड्रॉइड फोन उपयोगी पडतो. फोन यूएसबी तारेने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास लिनक्सला बहुधा लगेच इंटरनेट मिळते. त्यानंतर कार्यप्रणाली पूर्ण अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करावा. काही यूएसबी अडॅप्टर आरंभी सीडी ड्राइव्ह असल्याचे भासवतात. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे साधन त्यांना योग्य स्थितीत आणते. कर्नलबाहेरील ड्रायव्हर जोडला असेल आणि ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो. अशा वेळी स्वाक्षरीची किल्ली नोंदवावी लागते.

एवढ्यानेही कार्ड न चालल्यास मुदतीत परत करून कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेल्या चिपचे कार्ड घेणे हा कमी त्रासाचा मार्ग होय. राउटरपासून संगणकापर्यंत भिंतीच्या कडेने लॅनची तार नेणे शक्य असेल, तर कार्डाचा प्रश्नच उरत नाही; मदरबोर्डवरील लॅन जोडणी लिनक्स सहसा कोणत्याही तयारीशिवाय ओळखते.