रुपयाला किती पेन्स?

साल 1873. मुंबईच्या कोटात, टांकसाळीच्या दगडी खांबांपुढे तुम्ही उभे आहात. खिशात मोबाइल चाचपू नका. आजचा भाव सांगणारा पडदा इथे कुठेच नाही. भाव हवा असेल तर चांदीच्या लगडी घेऊन आत निघालेल्या त्या खटाऱ्याकडे बघा. कुणीही चांदी आणावी, थोडी घडणावळ भरावी आणि रुपये पाडून न्यावेत, अशी इथली रीत. रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. त्यामुळे लंडनला चांदीचा जो भाव, तोच रुपयाचा भाव. सध्या रुपयाला 1 शिलिंग 10 पेन्सांच्या वर मिळतात. 12 पेन्सांचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड. हिशेब केलात तर पौंड पावणेअकरा रुपयांच्या आसपास पडतो.

तुम्ही हिशेब मांडताय तोवर जर्मनीने सोन्याचे चलन धरले आहे आणि जुनी चांदी बाजारात ओतायला काढली आहे. अमेरिकेत नेवाडाच्या खाणीही चांदी ओकताहेत. भाव घसरू लागतो.

वीस वर्षे पुढे या. 26 जून 1893. तीच टांकसाळ, तेच खांब. पण आता चांदी घेऊन आलेल्या माणसाला आत प्रवेश नाही. सिमल्यात एका बैठकीत कायदा मंजूर झाला आणि खासगी चांदीचे रुपये पाडणे बंद झाले.

ही घाई कशासाठी, हे बघायला लंडनला जावे लागेल. तिथे भारतमंत्री दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमध्ये रुपयांच्या हुंड्या विकतात. आलेल्या पौंडांतून गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज आणि रेल्वे कंपन्यांना कबूल केलेला परतावा भागवायचा. हेच ते ‘होम चार्जेस’. 1892-93 मध्ये असे सुमारे 1 कोटी 65 लाख पौंड पाठवायला साडेसव्वीस कोटी रुपये लागले. तुम्ही वीस वर्षांपूर्वी पाहिलेला दर टिकला असता, तर पावणेअठरा कोटींत भागले असते. वरचे पावणेनऊ कोटी एकट्या हुंडणावळीने खाल्ले. घरी पौंड पाठवताना पगार आटतो म्हणून कुरकुरणाऱ्या गोऱ्या नोकरदारांनाही याच वर्षी खास भत्ता मिळतो.

सरकारचा उपाय सोपा: रुपये कमी पाडायचे, म्हणजे रुपया आपोआप महाग होईल. लक्ष्य 1 शिलिंग 4 पेन्स, पौंडाला 15 रुपये. 1898 पर्यंत ते साधतेही. लंडनमध्ये समाधान आहे.

आता 1900 सालच्या नगरच्या पेठेत चला. दुष्काळ आहे. सराफाच्या दुकानात एक बाई पायातले तोडे मोडायला आली आहे. सराफ तराजू उचलतो. एका पारड्यात तोडे, दुसऱ्यात वजन म्हणून राणीछाप रुपये, कारण तोळ्याचे याहून खात्रीचे वजन त्याच्याकडे नाही. एक-एक करत वीस रुपये पडतात आणि काटा मध्यावर येतो. सराफ रुपये उचलून गल्ल्यात टाकतो आणि त्यातलेच साडेबारा मोजून बाईपुढे ठेवतो.

‘‘शेटजी, वजन तर वीस भरलं की!’’

‘‘बाई, टांकसाळ चांदी घेत नाही आता. तोळ्याला दहा आणे, परवडत असेल तर बघा.’’

तुम्ही मध्ये पडून काही उपयोग नाही. सराफाने भाव फारसा पाडलेला नाही. टांकसाळ खुली असती, तर कस आणि दलाली वजा जाता तोळ्याला रुपयाच्या आसपास मिळाले असते. आता रुपयातल्या चांदीची किंमत 10 पेन्स आणि रुपयाची 16. बँकेत खाते नसलेल्या घरांची सगळी शिल्लक अंगावरच्या चांदीत असते, आणि तिचाच भाव पडला आहे. इकडे सरकारी खजिन्यात शिल्लक साठते. 1902 च्या अंदाजपत्रकावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखले नेमके हेच दाखवतात: रुपया महाग झाला तरी कर पूर्वीचेच राहिले, म्हणून ही शिलकीची सूज.

1921 मध्ये मुंबईच्या कापडबाजारात डोकवा. गेल्या वर्षी सरकारने 2 शिलिंगांचा दर जाहीर केला. त्या भरवशावर व्यापाऱ्यांनी विलायतेकडे माल मागवला. माल गोदीत लागला तेव्हा दर 1 शिलिंग 4 पेन्सांच्याही खाली. व्यापाऱ्यांच्या मंडळ्या ठराव करताहेत की 2 शिलिंगांखाली हिशेब चुकवायचा नाही. माल पडून आहे.

1927 मध्ये दर 1 शिलिंग 6 पेन्सांवर कायद्याने पक्का होतो: पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास सरकारने नेमलेल्या चलन आयोगात भिन्न मत नोंदवून 1 शिलिंग 4 पेन्स मागत राहतात, कारण महाग रुपयाने शेतमालाला कमी पैसे मिळतात. त्यांचे कोणी ऐकत नाही. मग मंदी येते. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंड सोन्यापासून फारकत घेते, पण रुपया पौंडाला बांधलेलाच राहतो. सोन्याचा भाव चढतो, धान्याचा पडलेला, शेतसारा आणि सावकार मात्र जागेवर. या वेळी घराघरांतले सोने मोडले जाते आणि मुंबई बंदरातून बोटीने विलायतेला जाते.

शेवटचा मुक्काम 6 जून 1966. आता निर्णय दिल्लीचा, दबाव परदेशी मदत देणाऱ्यांचा. 13 रुपये 33 पैशांचा पौंड 21 रुपयांना, 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना.

रुपया चढला की देशाची शान वाढली आणि उतरला की नाक कापले गेले, अशी आपली समजूत. वाटेत तुम्ही पाहिले ते वेगळे होते. रुपया वर चढवला तेव्हाच तोडे कवडीमोल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रुपयाच्या या प्रश्नाची चिरफाड केली. पौंडाशी दर जुळवत बसण्यापेक्षा रुपयाची खरेदीची ताकद स्थिर ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा उद्या सकाळी डॉलरचा भाव वाचाल, तेव्हा रुपया किती हलला एवढ्यावर थांबू नका. त्याने कोणाची देणी हलकी झाली आणि कोणाची शिल्लक आटली, तेही विचारा.