कडधान्यांची ॲलर्जी (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर)

कडधान्यांतील प्रथिनांविरुद्ध शरीरात 'आयजीई' प्रतिपिंडे तयार झाल्याने होणारा विकार. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोनएक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात किंवा दम लागतो. क्वचित रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतते. जगभर शेंगदाणा व सोयाबीन यांचाच बोलबाला असला, तरी आपल्याकडे हरभऱ्यावर आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या मेथीवरही संशय घ्यायला हवा. मेथी ही शेंगवर्गीयच वनस्पती आहे.

मराठी घरात या विकाराचे बारसे आधीच झालेले असते : 'पित्त उठले.' आमसुलाचे पाणी चोळतात, काही वेळाने गांधी बसतात आणि सकाळी ताटात काय होते, हा प्रश्न तसाच राहतो. निदान लांबते ते बरेचदा या नावामुळेच.

या परिसराच्या ताटात डाळी-कडधान्ये दोन वाटांनी आली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्याबरोबर हरभराडाळीचे दाल-पकवान आणि उडदाचे पापड आले. सिंधी कढीत तर मेथीदाण्याची फोडणी आणि तांबूस होईस्तोवर परतलेले बेसन, दोन्ही एकाच पातेल्यात. दुसरी वाट इथल्या मातीतली : भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर येणारे वाल, मोड आणून सोललेल्या कडव्या वालांचे बिरडे, कुळथाचे पिठले.

पाटील, निफाडकर व बापट या मुंबईच्या संशोधकांनी १९९७ मध्ये मेथीच्या ॲलर्जीचे दोन रुग्ण नोंदवले. एकाला मेथीची पूड नाकात गेल्याने त्रास झाला. दुसरी दम्याची रुग्ण. तिने कोंड्यासाठी मेथीचा लेप डोक्याला लावला होता. डोके बधिर झाले, चेहरा सुजला, छातीत घरघर सुरू झाली. मेथी तोंडात न जाताही हे घडले, हे विसरू नये. याच गटाने २००१ मध्ये हरभरा हा भारतीय उपखंडातील महत्त्वाचा ॲलर्जीकारक असल्याचे दाखवले. त्यासाठी ताटात काय आहे हे रुग्णाला वा डॉक्टरला न कळू देता खाऊ घालण्याची कसोटी वापरली. पुढे भारतात राजमा, उडीद व तुरीवरही काम झाले.

अनेक कडधान्यांची प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असल्याने एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. पण म्हणून सगळ्या डाळी बंद करणे चूक. शाकाहारी घरातल्या मुलाच्या वाढीवर तो घाला ठरतो. त्वचेवरील टोचणी-चाचणी व रक्ततपासणीचा खाण्याच्या इतिहासाशी मेळ घालून तज्ज्ञांनी नेमके कडधान्य ठरवावे. वालाने होणारे गॅस ही ॲलर्जी नव्हे. लाखेच्या डाळीच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात, तो विषबाधेचा प्रकार.

युरोपीय संघाने २००६ मध्ये ल्युपिन या शेंगवर्गीय बियांचा सक्तीने जाहीर करायच्या ॲलर्जीकारकांत समावेश केला. भारताच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत शेंगदाणा व सोयाबीन आहेत, हरभरा व मेथी नाहीत. सुट्या फरसाणाच्या पुडीवर तर काहीच छापलेले नसते.

गांधींबरोबर दम लागला, आवाज बसला किंवा चक्कर आली, तर आमसूल लावून वाट पाहण्याची ती वेळ नव्हे. मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. तो जिथे मिळेल अशा जवळच्या दवाखान्यात रुग्णाला ताबडतोब न्यावे.