डॉस, फ्लॉपी आणि आपली मराठी

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज पेण, रोहा, पुणे, परदेश अशा सगळीकडून मराठीत गप्पा रंगतात. आपण दहावीत होतो तेव्हा साध्या संगणकाला मराठीचे एक अक्षरही येत नव्हते. तेव्हा राज्य होते डॉसचे.

डॉस म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टीम. संगणक बंद केला की त्याची मेमरी कोरी होते. सुरू करताना फायली कुठे ठेवल्या आहेत, पडद्यावर काय दाखवायचे, हे सांगणारा कोणीतरी लागतो. ते काम डॉसचे. ती स्वतःही डिस्कवरूनच मेमरीत येई.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही प्रणाली लिहिली. यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी वेगळा काढला. बाकीचा सगळीकडे तोच. पेणच्या गणपती कारखान्यात साचा एकच, रंगकाम मात्र गिऱ्हाइकाप्रमाणे, तसेच हे. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी त्याच धर्तीवर ८६-डॉस लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती बाजारात आली.

फ्लॉपीच्या ड्राइव्हना ए आणि बी ही अक्षरे मिळाली. नंतर आलेल्या हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. फ्लॉपी गेली, तरी विंडोजच्या लॅपटॉपवर सी तसेच आहे.

दहावीनंतरच्या सुट्टीत मी रोह्याला क्लासला जात असे. चपला बाहेर काढून आत जायचे. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत असे. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलींना इंग्रजीचीच धास्ती. पण डिर, कॉपी, डेल असे दहाबारा शब्द आले की यंत्र ऐकू लागे. फाइलच्या नावाला जास्तीत जास्त आठ अक्षरे, पुढे टिंब आणि तीन. रोमन लिपीत 'ज्ञानेश्वर' मावत नसे. आठ अक्षरांत तो बरोबर 'ज्ञानेश' होई!

डॉसच्या पडद्यावरची अक्षरे यंत्रात आधीच ठरलेली असत, त्यांत देवनागरी नव्हती. हा अडसर दूर करणारे जिस्ट तंत्र आयआयटी कानपूरमध्ये जन्मले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की डॉसवर मराठी दिसू लागे. त्यामागची इस्की ही संकेतपद्धत उच्चाराच्या क्रमाने चालते: 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण यंत्र आधी 'क' साठवते आणि मग वेलांटी.

युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. त्यामुळे आज ग्रुपवर आपण 'नमस्कार बाई' टाइप करतो, तेव्हा प्रत्येक अक्षराला मिळणारा क्रमांक त्याच मांडणीतला असतो. शाळेत बाईंनी गिरवून घेतलेली बाराखडी यंत्रालाही अशीच शिकवावी लागली, आणि ती शिकवणारी माणसे आपल्यापासून एक घाट ओलांडून पुण्यात बसली होती.